अफूचे परवानाधारक दुकान

सावनेरच्या बाजारात आज कोणी अफू विकायला बसला तर पोलीस त्याला उचलतील आणि मालाच्या वजनाप्रमाणे त्याला शिक्षा होईल. सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. नागपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांतात अफू परवानाधारक दुकानातून उघडपणे विकली जाई. दुकानदार लिलावात बोली लावून परवाना घेई, सरकारने ठरवलेल्या दराने सरकारकडूनच माल उचली आणि गिऱ्हाइकाला एका वेळी काही तोळ्यांपेक्षा जास्त देऊ शकत नसे. घेणाऱ्याला त्यात चोरटेपणा वाटत नसे. सांधे दुखतात म्हणून कोणी घेई, खोकल्यासाठी कोणी, जुलाब थांबावेत म्हणून कोणी, आणि बरेच जण वर्षानुवर्षांची सवय म्हणून.

शाळेच्या इतिहासात अफू येते ती चीनच्या युद्धांच्या निमित्ताने. परीक्षेत त्या युद्धांची कारणे विचारली जातात आणि विषय तिथेच संपतो. आपल्या स्वतःच्या गावातल्या अफूचे काय झाले, हे मुलांना कोणी सांगत नाही. आम्हांला ते सांगावेसे वाटते, कारण आज जगभर एक प्रश्न चर्चेत आहे: ज्याचे व्यसन सुटत नाही अशा माणसाला त्याचे व्यसनद्रव्य सरकारी देखरेखीखाली, मोजून द्यावे का? तसे दिल्याने त्याचे नुकसान कमी होते का? ही कल्पना स्वित्झर्लंडमधून किंवा कॅनडातून आलेली, नव्या जमान्याची आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आपल्या देशात अफूची सरकारी विक्री शंभर वर्षांच्या आसपास चालली. त्या काळाची साक्ष, अहवाल, कायदे सारे उपलब्ध आहे. त्यातून उत्तर मिळते का ते पाहू या.

थोडे रसायन

आधी पदार्थाची ओळख. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला की झाली अफू. तिच्यात साधारण दहा टक्के मॉर्फिन असते. जर्मन औषधविक्रेता फ्रीडरिख सेर्टुर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते वेगळे केले. मॉर्फिनवर साधी रासायनिक प्रक्रिया करून हेरॉइन तयार होते. बायर कंपनीने १८९८ साली ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे आज वाचताना नवल वाटते.

हे पदार्थ मेंदूवर काम का करतात ते १९७० च्या दशकात उलगडले. १९७३ साली चेतापेशींवर अफूजन्य रेणू अडकण्याच्या जागा सापडल्या आणि १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी दाखवून दिले, की त्या जागांवर बसणारे रेणू शरीर स्वतःच तयार करते. बाहेरून रोज अफू मिळू लागली की पेशी त्या पुरवठ्याशी जुळवून घेतात. मग तेवढ्याच मात्रेचा परिणाम कमी होतो आणि पुरवठा तुटला की उलटी अवस्था येते: अंग मोडून येणे, जुलाब, नाक-डोळे वाहणे, झोप उडणे, जीव नकोसा होणे. व्यसनमुक्तीच्या केंद्रांमध्ये याला ‘टर्की’ म्हणतात. तलफ म्हणजे केवळ मनाचा कमकुवतपणा नसतो, तर तिला शरीरात पाया असतो, एवढे यावरून विद्यार्थ्यांच्या लक्षात यावे.

आता मुख्य मुद्दा. अफूजन्य व्यसनाने होणारे नुकसान दोन जातींचे असते. एक खुद्द पदार्थाचे: परावलंबन, बद्धकोष्ठ, सुस्ती आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावून मृत्यू. दुसरे, तो पदार्थ ज्या वाटेने मिळतो त्या वाटेचे: पुडीत नेमके किती आणि काय आहे ते ठाऊक नसणे, भेसळ, एकाच सुईने अनेकांनी टोचून घेणे, वाढत्या किमतीपायी घरातली भांडी विकणे, चोरी, तुरुंग. सरकारी देखरेखीखालचा पुरवठा पहिल्या जातीचे नुकसान फारसे कमी करू शकत नाही. तो कमी करू शकेल ते दुसऱ्या जातीचे. हा भेद मनात ठेवला तर पुढचा इतिहास वाचायला सोपा जातो.

सातशे साक्षीदार

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात अफूविरोधी मंडळींनी जोर केला. लंडनमध्ये १८७४ पासून अफूचा व्यापार बंद करण्यासाठी एक संस्था काम करीत होती आणि तिच्यामागे धार्मिक वृत्तीचे, सुखवस्तू इंग्रज होते. सरकारने राजकीय हुशारी दाखवली आणि चौकशीसाठी शाही आयोग नेमला. लॉर्ड ब्रॅसी त्याचे अध्यक्ष. दोन सदस्य हिंदी होते: दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वर सिंह आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई. आयोगाने १८९३-९४ च्या हिवाळ्यात कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत प्रवास करून सातशेहून अधिक जणांच्या साक्षी घेतल्या. त्यांत डॉक्टर, मिशनरी, जमीनदार, लष्करी अधिकारी, व्यापारी आणि अफू खाणारे असे सर्व प्रकारचे लोक होते. १८९५ साली अनेक खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

बहुमताचा निष्कर्ष थोडक्यात असा, की हिंदुस्थानात बहुतेक लोक अफू मर्यादेत खातात, त्याने त्यांचे मोठे नुकसान होताना दिसत नाही, लोकांना बंदी नको आहे आणि बंदी अमलातही आणता येणार नाही. इंग्लंडात जशी दारू तशी इथे अफू, अशी तुलना वारंवार झाली. अफूविरोधी संस्थेशी जवळीक असलेले आर्थर पीज यांनीही या बहुमताच्या अहवालावर सही केली, तेव्हा त्यांचे सहकारी अवाक झाले. हेन्री विल्सन या एकट्या सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडली. अधिकाऱ्यांनीच साक्षीदार निवडले आणि पुढे केले, हा त्यांचा एक मोठा आक्षेप होता.

इथे क्षणभर थांबायला हवे. कारण एखाद्या सर्वेक्षणाची परीक्षा कशी करावी हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. जिल्हाधिकाऱ्याने बोलावलेला अफूखाऊ कोण असणार? जो चालता-बोलता आहे, शेती करतो, चार माणसांत मान राखून आहे तो. ज्याचे घर बुडाले तो कमिशनपुढे कशाला उभा राहील? उलट मिशनरी दवाखान्यात येणारा रुग्ण हा बुडालेलाच असणार, त्यामुळे मिशनऱ्यांना सारा देश अफूने रसातळाला चाललेला दिसे. दोन्ही बाजू खोटे बोलत होत्या असे नाही. दोघांनी आपापल्या दारात आलेली माणसे पाहिली, इतकेच.

दुसरे एक उदाहरण विज्ञानाच्या तासाला उपयोगी पडेल. अनेक साक्षीदारांनी शपथेवर सांगितले, की अफूमुळे हिवतापापासून रक्षण होते. डॉक्टरांतही असे मानणारे होते. हिवतापाचा जंतू डासातून पसरतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत दाखवले ते १८९७ साली, म्हणजे अहवालानंतर. अफू त्या जंतूला मारत नाही. पण तिच्यामुळे कसकस कमी होते, ठणका थांबतो, झोप लागते. बरे वाटणे आणि बरे होणे यांतला फरक साक्षीदारांना दिसला नाही, आणि तो दिसावा असे साधन त्या काळी त्यांच्या हाती नव्हतेही.

मग आयोगाच्या कागदांवर काहीच विश्वास ठेवू नये का? आमच्या मते ठेवावा, पण मर्यादित. एक गोष्ट विरोधी बाजूच्या साक्षींतूनही दिसते: तोंडाने घेतलेली, ठरावीक ताकदीची, परवडणारी अफू खाणारे पुष्कळ लोक दीर्घकाळ कामधंदा करीत जगत होते. पोटातून घेतलेला पदार्थ रक्तात हळूहळू उतरतो, त्यामुळे झटकाही कमी आणि धोकाही कमी. सुईतून किंवा धुरातून तोच पदार्थ काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतो. म्हणजे दुसऱ्या जातीचे नुकसान त्या काळी तुलनेने थोडे होते.

पण दुकान कोणासाठी होते?

एवढ्यावरून जुनी व्यवस्था चांगली होती असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. ते दुकान व्यसनी माणसाच्या भल्यासाठी उघडलेलेच नव्हते. एकोणिसाव्या शतकात काही वर्षी हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा सहावा-सातवा हिस्सा अफूतून येई, तोही मुख्यतः चीनला होणाऱ्या निर्यातीतून. देशातल्या दुकानांचा वाटा त्यामानाने लहान, पण तोही महसूलच. ज्याने लिलावात चढी बोली लावून परवाना घेतला आहे त्याला गिऱ्हाईक वाढलेलेच हवे असणार. ‘कर जास्तीत जास्त, खप कमीत कमी’ असे सरकारचे अबकारी धोरण कागदावर होते. पण या दोन गोष्टी एकाच वेळी साधणे अवघड असते, हे आजही दारूच्या महसुलाकडे पाहिले म्हणजे कळते.

शिवाय दुकानात येणाऱ्याला कोणी विचारत नसे, की हे तू कोणासाठी नेतोस. त्याचे सर्वांत वाईट फळ तान्ह्या मुलांनी भोगले. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया मुलाला अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात. मूल दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे आणि पीतही नसे. १९२० च्या दशकातल्या पाहणीत गिरणीकामगार स्त्रियांच्या बहुसंख्य मुलांना अशी अफू दिली जात असल्याचे आढळले आणि व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली. त्या बायांना दोष देणे सोपे आहे. बारा महिने कामावर जायचे, पाळणाघर नाही, घरी कोणी नाही, तर करावे काय? पण बाळगोळीतली अफू परवान्याची, मोजलेली आणि शुद्ध होती म्हणून त्या बाळांचे नुकसान कमी झाले असे कोणी म्हणू शकणार नाही.

दहा वर्षांची मुदत

विसाव्या शतकात वारे फिरले. १९०९ साली शांघायला आणि १९१२ साली हेगला आंतरराष्ट्रीय परिषदा झाल्या. राष्ट्रसंघाने वैद्यकीय गरजेसाठी दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला सहा शेर अफू पुरेशी आहे असे माप ठरवले आणि खप त्याच्याशी ताडून पाहिला जाऊ लागला. हिंदुस्थान सरकारने १९२६ साली जाहीर केले, की औषधाखेरीज इतर उपयोगासाठी होणारी निर्यात दर वर्षी दहा टक्क्यांनी कमी करून १९३५ च्या अखेरीस थांबवली जाईल. आसामात तर खाणाऱ्यांची नोंद करून त्यांचा शिधा दर वर्षी घटवण्याची पद्धत आली.

स्वातंत्र्यानंतर हाच घटता हिशेब देशाला लागू झाला. १९४९ साली अखिल भारतीय अफू परिषदेने ठरवले, की वैद्यकीय कारणाखेरीज अफूची विक्री दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची. घटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमानेही मादक पेये व पदार्थ यांना प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. राज्यांना मिळणारा साठा दर वर्षी कमी होत गेला आणि ३१ मार्च १९५९ ही अखेरची तारीख ठरली. त्यानंतर अफू मिळायची ती फक्त नोंदणी झालेल्या व्यसनी माणसाला, वैद्यकीय शिफारशीवर, ठरलेल्या मात्रेत.

सावनेरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची आपण कल्पना करू. खरा माणूस नव्हे, पण असे असणे शक्य होते. जन्म १८९५ चा, पंचविशीत दम्यासाठी अफू सुरू केली. परवान्याच्या दुकानातून आणत गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि अडीच वर्षांच्या आत दुकान बंद झाले. आता तो चौसष्ट वर्षांचा आहे. डॉक्टरसमोर उभे राहून दाखला घ्यायचा, नाव नोंदवायचे, महिन्याचा कोटा आणायचा. मे १९६० मध्ये राज्य पुन्हा बदलते, पण नोंदणीचा नियम तोच राहतो. त्याच्या मुलाला मात्र ही वाट नाही. नोंदवही जुन्यांसाठी आहे, नव्यांसाठी नाही. म्हातारा वारला की त्याचे पान मिटले. (महाराष्ट्रात दारू पिणाऱ्यालाही कागदोपत्री परवाना लागतो आणि त्यावर तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिल्याचे म्हटलेले असते. मुंबई दारूबंदी कायद्याची ही आठवण अजून टिकून आहे.)

ही पद्धत आपणच प्रथम काढली असे नाही. तैवान बेट जपानच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या अफू ओढणाऱ्यांना १८९७ पासून परवाने देण्यात आले. १९०० च्या सुमारास परवानाधारक दीड लाखाच्या वर होते. नवे परवाने जवळजवळ थांबवल्यामुळे म्हातारे मरत गेले आणि संख्या उतरत गेली. तिथेही सरकार अफूवर पैसा मिळवीत होतेच, पण तडकाफडकी बंदीने जे हाल झाले असते ते टळले.

एकच वर्ष, दोन देश

१९५९ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण त्याच वर्षी थायलंडनेही अफूचे अड्डे बंद केले. पण तिथे ते एका झटक्यात झाले. पुढच्या काही वर्षांतच बँकॉकमध्ये अफूची जागा हेरॉइनने घेतली. जोसेफ वेस्टरमेयर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९७६ साली हाँगकाँग, थायलंड आणि लाओस या तिन्ही ठिकाणांचा अभ्यास मांडला. अफूविरोधी कायदे आले, त्यांची अंमलबजावणी झाली आणि पाठोपाठ हेरॉइन आले, असा क्रम त्याला तिन्हीकडे दिसला. त्यामागचे कारण समजायला फारसे कठीण नाही. अफू जाडजूड असते, वास मारते, ओढताना लपवता येत नाही. हेरॉइन चिमूटभर पुरते, खिशात मावते, टोचून घ्यायला काही सेकंद लागतात. माल लपवून न्यायचा झाला की व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघेही आपोआप तीव्र, आटोपशीर मालाकडे वळतात.

मग भारतात १९५९ नंतर लगेच हेरॉइन का आले नाही? आमच्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी एकत्र आल्या. दहा वर्षांच्या उतरंडीमुळे व नोंदवहीमुळे जुन्या खाणाऱ्यांना काळ्या बाजारात जावे लागले नाही. मंदसौर, नीमच, चित्तोडगड या भागांत परवान्याने खसखस पिकत राहिली आणि तिथून थोडीफार अफू चोरवाटेने बाहेर येत राहिली, त्यामुळे अफू पूर्णपणे नाहीशी झाली नाही. आणि हेरॉइन तयार करणारे कारखाने त्या काळी आपल्या शेजारी नव्हते. या तिसऱ्या गोष्टीचे वजन किती ते १९७९ नंतर कळले. इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, तस्करीचे जुने मार्ग मोडून नवे तयार झाले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या फुटपाथवर तपकिरी भुकटीच्या पुड्या मिळू लागल्या. मुंबईने तिला ‘गर्द’ असे नाव दिले आणि ती घेणाऱ्याला ‘गर्दुल्ला’.

महाराष्ट्राला या संकटाची जाणीव करून दिली ती अनिल अवचटांच्या लेखनाने. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचटांनी ते उभे केले. तिथली भूमिका पूर्ण मुक्तीची, म्हणजे व्यसनापासून सर्वस्वी दूर राहण्याची. त्या वाटेने बरे झालेले असंख्य लोक आपल्यामध्ये आहेत आणि त्या कामाचे मोल कमी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण गर्दच्या बाबतीत सोडलेले पुन्हा सुरू होण्याचे प्रमाण मोठे असते. आणि इथे टर्कीच्या शरीरशास्त्राची एक क्रूर बाजू पुढे येते. महिना-दोन महिने पदार्थ बंद राहिला की शरीराची सोसण्याची ताकद उतरते. मग जुन्याच मात्रेची पुडी जीव घेते. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे असतात.

तिकडचे अनुभव

ब्रिटनमध्ये १९२६ च्या रोलस्टन समितीने डॉक्टरांना मोकळीक दिली, की ज्याचे व्यसन सुटत नाही अशा रुग्णाला ते मॉर्फिन किंवा हेरॉइन लिहून देऊ शकतात. पुढची तीसेक वर्षे तिथल्या नोंदलेल्या व्यसनींची संख्या काही शेकड्यांच्या पुढे गेली नाही. समर्थक याला मोठा विजय मानतात. आम्हांला तसे वाटत नाही, कारण ते रुग्ण बहुतांशी मध्यमवयीन, औषधोपचारातूनच सवय लागलेले होते आणि रस्त्यावरचा बाजारच नव्हता. १९६० च्या दशकात तरुण गिऱ्हाइके आली तेव्हा व्यवस्था गळू लागली. ब्रेन समितीच्या १९६५ च्या अहवालात नोंद आहे, की १९६२ या एका वर्षात एका डॉक्टरने हेरॉइनच्या जवळजवळ सहा लाख गोळ्या लिहून दिल्या. त्या सगळ्या रुग्णांच्याच पोटात गेल्या असतील असे नाही. त्यानंतर हा अधिकार विशेष परवाना असलेल्या डॉक्टरांपुरता ठेवण्यात आला.

स्वित्झर्लंडने यातून धडा घेतला असावा. झुरिकच्या एका बागेत हजारो लोक उघड्यावर टोचून घेत. १९९२ साली ती बाग बंद झाली आणि १९९४ पासून निवडक, इतर सर्व उपचार फसलेल्या रुग्णांना दवाखान्यात परिचारिकेसमोर हेरॉइन द्यायला सुरुवात झाली. घरी न्यायला मनाई. सोबत डॉक्टर, समाजसेवक, घर व काम शोधायला मदत. रुग्णांची प्रकृती सुधारली, गुन्हे लक्षणीय घटले. व्यसनाने होणारे मृत्यू दहा-बारा वर्षांत निम्म्याच्या आसपास आले, अर्थात त्यात सुयांचे वाटप आणि मेथाडोन यांचाही मोठा वाटा आहे. २००८ साली सार्वमतात सुमारे ६८ टक्के मतदारांनी ही योजना कायम करण्याच्या बाजूने कौल दिला.

अमेरिकेची गोष्ट उलट टोकाची. तिथे १९९६ पासून ऑक्सिकोंटिन ही वेदनाशामक गोळी अगदी कायदेशीरपणे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, परवानाधारक दुकानांतून विकली गेली. कंपनीला खप हवा होता आणि तिने तो वाढवला. सवय लागलेल्यांना गोळ्या मिळेनाशा झाल्यावर त्यांतले पुष्कळ हेरॉइनकडे आणि नंतर फेंटानिलकडे गेले. २०२१ साली त्या देशात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरणाऱ्यांची संख्या एका वर्षात एक लाखावर गेली. स्वित्झर्लंडचा दवाखाना आणि अमेरिकेचे दुकान, दोन्ही ठिकाणचा पुरवठा ‘नियंत्रित’च होता. एका ठिकाणी देणाऱ्याला गिऱ्हाईक कमी व्हावे असे वाटत होते, दुसऱ्या ठिकाणी वाढावे असे. मध्य प्रांतातले लिलावाचे दुकान या दोहोंपैकी कोणाला जवळचे होते हे वाचकांनीच ठरवावे.

कायद्यातले एक्काहत्तरावे कलम

१९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायदा झाला. त्यातल्या दहा वर्षांच्या किमान शिक्षेची चर्चा पुष्कळ होते. (ती सरसकट पद्धत २००१ साली बदलून मालाच्या प्रमाणानुसार शिक्षा आली.) पण त्याच कायद्याच्या ७१ व्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सरकारने नोंदलेल्या व्यसनी व्यक्तींना, आणि वैद्यकीय गरज असेल त्या इतरांनाही, विहित अटींवर अमली द्रव्ये पुरवणारी केंद्रे सरकारला काढता येतात, असे ते कलम सांगते. १९५९ ची नोंदवही कायद्यातून कधी पुसलीच गेली नाही.

ती पुन्हा उघडली गेली एका वेगळ्याच कारणाने. १९८९-९० च्या सुमारास मणिपुरात सुईने हेरॉइन घेणाऱ्यांत एचआयव्हीची लागण झपाट्याने पसरल्याचे आढळले. एकाच सुईने टोचून घेण्याची सवय मोडायची तर सुईचीच गरज राहू नये, म्हणून १९९० च्या दशकात दिल्लीत व इतरत्र ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी हे काम केले. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात ते सरकारी योजनेचा भाग झाले आणि २०१२ मध्ये मेथाडोनही आले.

मागणी मात्र फार मोठी आहे. २०१९ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, तर अफू घेणारे ०.५२ टक्के आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आयोगाला हे प्रमाण उलटेपालटे वाटले असते. अफूजन्य पदार्थांमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ७७ लाख लोक आहेत. दरम्यान जुन्या पद्धतीची शेवटची दुकाने बंद झाली: राजस्थानात परवान्यावर मिळणारा डोडा, म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चुरा, २०१६ साली थांबला आणि हजारो परवानाधारकांसाठी व्यसनमुक्तीची शिबिरे घ्यावी लागली.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या त्याच जागांवर बसते, पण पूर्ण ताकदीने काम करीत नाही. एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका पुष्कळ कमी. हेरॉइनचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, याचा दिवसभर टिकतो. रुग्ण सकाळी केंद्रावर येतो, वहीत सही करतो. परिचारिका गोळी त्याच्या जिभेखाली ठेवते, काही वेळा चुरून, म्हणजे ती तोंडातून काढून बाहेर विकता येऊ नये. विरघळेपर्यंत तो समोरच्या बाकावर बसून राहतो. मग तो उठतो आणि कामाला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो.